किसनभाऊचा काउंटर

किसनभाऊ चहा बशीत ओतून प्यायचे. उजव्या हातात तांब्याची तार असायची, म्हणून बशी डाव्या हातात.

वेढे मोजताना कुणी हाक मारली तर ओ द्यायचे नाहीत. मोजून झालं की म्हणायचे, "आता बोल."

दुकानात आलेल्या मोटारीचा आधी वास घ्यायचे. जळण्याचे सात वास असतात असं त्यांचं म्हणणं होतं. मला दोनच ओळखता आले.

दुसऱ्याच्या कामाला वाईट म्हणायचे नाहीत. नाहीच आवडलं तर म्हणायचे, "बरं हाय. पुन्हा खोल."

कॉम्प्युटरवरच्या गेममध्ये मेले की शिवी देत नसत. पडद्यासमोर दोन सेकंद तसेच बसायचे. मग टेबलावरच्या काउंटरची कळ दाबायचे. टक्.

तो काउंटर तार गुंडाळायच्या एका जुन्या वाइंडिंग मशीनचा होता, वेढे मोजायचा. मशीन भंगारात गेलं तेव्हा त्यांनी तेवढा काढून ठेवला. चार आकडे, काळ्यावर पांढरे. पुढे जातो, मागे येत नाही. शून्यावर आणायची बारीक चावी त्यांच्या किल्ल्यांच्या जुडग्यात होती. गेममध्ये नवा मोठा शत्रू समोर आला की ते शून्य करायचे. त्याच्या आधी कधीच नाही. हा नियम त्यांचा त्यांनीच केला होता.

किसनसिंग आडे. वय चव्वेचाळीस. ढाणकीत मोटार रिवायंडिंगचं दुकान. शेतातल्या पंपाची मोटार जळली की लोक ती मोटारसायकलला बांधून त्यांच्याकडे आणायचे. ते जळकी तार उपसून काढायचे आणि नवी बांधून द्यायचे. अलीकडे सौर पंप आले. त्यांची मोटार बिघडली तर कंपनीची माणसं येऊन घेऊन जातात. दुकानातली गर्दी कमी झाली आणि किसनभाऊंना वेळ मिळू लागला.

त्यांचा पुतण्या ऋतिक पुण्याला नोकरीला गेला, तेव्हा त्याचा जुना कॉम्प्युटर दुरुस्तीसाठी दुकानात पडून होता. तो तिथेच राहिला. त्यात एक गेम होता. नाव 'मॉर्नवेल'. एक एकटा योद्धा, उद्ध्वस्त राज्य, तलवार, आणि पावलापावलाला मरण. ऋतिकला तो पहिल्या दारापलीकडे खेळता आला नव्हता.

मी आमच्या घरची मोटार घेऊन गेलो तेव्हा किसनभाऊ चौथ्या दारात होते.

"मास्तर दिसतो तू. इंग्रजी येते का?"

"मी मराठीचा आहे. एम.ए."

"येते का नाही ते सांग."

"येतं."

"मंग हे वाच. हा मुडदा काय म्हणून राह्यला?"

पडद्यावर एका मेलेल्या शिपायाची अंगठी होती. खाली दोन ओळी. मी वाचून मराठीत सांगितलं, "याने आयुष्यभर दार राखलं. दाराच्या आत काय आहे ते याला कुणी सांगितलं नाही."

किसनभाऊंनी ती अंगठी पुन्हा एकदा पाहिली. मग म्हणाले, "वॉचमन होता बिचारा."

त्या दिवसापासून मी दुकानात जाऊ लागलो. ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होतो. दुपार मोकळी असायची. सेट परीक्षेत दोनदा नापास झालो होतो आणि घरी बसवत नव्हतं. मी वाचायचो, ते खेळायचे. ते मरायचे, मी चहा सांगायचो.

आणि ते बोलायचे. मी साहित्य शिकलो, समीक्षेचे दोन पेपर दिले, पण एखाद्या गोष्टीकडे इतकं नीट बघून बोलणारा माणूस मला वर्गात भेटला नव्हता.

"ह्या गेमात कोणी फसवत नाही मास्तर. मारणारा मारायच्या आधी खांदा उचलते. तुले दिसलं नाही तं चूक तुई."

"पण मेल्यावर पुन्हा तेवढंच चालत या लागते, हे बेकार हाय. मोटार जळली म्हणून मी माणसाले विहिरीपासून पायी बोलावतो का?"

"भिताडाजवळ गेलं की काहीच दिसत नाही. बनवणाऱ्याच्या घरी भिताडं नसन."

गेममध्ये अवघड जागी अनोळखी खेळाडूला मदतीला बोलावता येतं. बरेच जण त्याला कमीपणा समजतात. किसनभाऊंना ते पटत नव्हतं. "आमच्याकडं कोणाचं काम मागं पडलं तं सगळे एक दिवस त्याच्या वावरात राबतात. इर्जिक म्हणतात त्याले. दुपारचं जेवण त्याचं. त्यात कायची लाज?" स्वतः मात्र त्यांनी कुणाला बोलावलं नाही. "माह्यं काम अजून मागं पडलं नाही," म्हणायचे.

मी हे सगळं वहीत लिहून घेऊ लागलो. मग नेटवर एक पान काढलं आणि त्यावर टाकू लागलो. नाव दिलं 'किसनभाऊचं मत'. व्याकरण माझं, म्हणणं त्यांचं. वाचणारे आधी वीस होते. मग हजारावर गेले. मोठ्या शहरांतली मुलं विचारू लागली, हे कोण आहेत? मी लिहायचो, ढाणकीचे आहेत, मोटारी बांधतात.

एकदा पुसदहून उर्वशी नावाच्या वाचक बाईंनी लिहिलं. त्या दवाखान्यात काम करायच्या. दिवसाकाठी चाळीस मिनिटं खेळायला मिळायची, त्यात मनगट दुखायचं. त्यांचं म्हणणं साधं होतं. हा गेम ज्याच्याकडे वेळ आहे त्याचाच आहे. त्याला एक सोपी पातळी हवी. मला ही गोष्ट शेवटपर्यंत पाहायची आहे, यात माझी चूक काय?

मी ते किसनभाऊंना वाचून दाखवलं. ते वेढे मोजत होते. बावन्न झाल्यावर बोलले.

"वेढे कमी टाकले तरी मोटार फिरते मास्तर. गिऱ्हाइकाले समजत नाही. फक्त गरम होते, अन् पुढच्या साली जळते. त्या बाईले सांग, सोपं करून जितलं तं जितल्यावाणी वाटन. पण जितली नसन."

मी ते जसंच्या तसं टाकलं. त्या पानावरचं सगळ्यात जास्त वाचलं गेलेलं मत ते होतं. उर्वशीबाईंनी परत काही लिहिलं नाही. माझ्या ते लक्षातही आलं नाही.

मग शेवटचा शत्रू आला. हातात साखळी, साखळीला घंटा, अंग लोखंडाचं. गेममध्ये त्याचं लांबलचक नाव होतं. किसनभाऊंनी त्याला मुकादम म्हटलं. त्यांच्या वडिलांनी ऊसतोडीत एका मुकादमाच्या हाताखाली बारा वर्षं काढली होती. त्यांनी काउंटर शून्य केला.

मुकादम महिनाभर मरेना. चाळीस झाले, नव्वद झाले, दीडशे झाले. पानावर लोक आकडा विचारायचे. मी रोज दुकानात शिरताना विचारायचो, "झालं का?" ते मान हलवायचे. मी आकडा टाकायचो.

जुलैच्या एका सकाळी त्यांचा फोन आला.

"मास्तर, मुकादम गेला."

मी धावत गेलो. पडद्यावर शेवटचं दृश्य होतं. घंटा पाण्यात पडलेली, बर्फ पडतोय, बनवणाऱ्यांची नावं वर सरकतायत. काउंटरवर २१२. मी काउंटरला हात लावला. किसनभाऊ हसत होते, पण मान खाली होती. मला वाटलं, दमले असतील.

त्या रात्रीच मी लेख लिहिला. 'दोनशे बारा मरणं'. त्यात एक वाक्य आहे, "तो दोनशे बारा वेळा हरला नाही, तो दोनशे बारा वेळा शिकला." वाक्य माझं. आता ते वाचवत नाही. तेव्हा लोकांनी ते एकमेकांना पाठवलं. कुणी लिहिलं, हे वाचून पुन्हा भरतीच्या मैदानावर गेलो. आणि मी सेटचा तिसरा फॉर्म भरला. खरं सांगायचं तर भरणार नव्हतो. अभ्यासामुळे दुकानात जाणं जवळपास थांबलं.

सप्टेंबरात नागपूरच्या एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. लेख त्यांना हवा होता. छापील अंकात माझं नाव पहिल्यांदाच येणार होतं. ते म्हणाले, "त्या काउंटरचा एक फोटो पाठवा. वीस तारखेला अंक छपाईला जातोय."

दहा तारखेला दुपारी मी दुकानात गेलो. किसनभाऊ कुणाची तरी मोटार विहिरीवर बसवायला गेले होते. दुकान उघडंच होतं. काउंटर कॉम्प्युटरशेजारी नेहमीच्या जागी होता.

४३१.

मला वाटलं, कुणी पोरासोरानं कळ दाबली असेल. पण दोनशे एकोणीस वेळा कोण दाबेल? मग वाटलं, दुसरा गेम सुरू केला असेल. पण नवा शत्रू आला की ते शून्य करायचे.

कॉम्प्युटर सुरू होता. मी गेम उघडला. जतन केलेल्या खेळांची यादी आली. दोन खेळ होते. पहिला 'किसन' नावाचा. शेवटची जागा, मुकादमाचं दार. तारीख आजची, सकाळची. दुसऱ्याला एक परदेशी नाव होतं. त्यापुढे लिहिलं होतं, पूर्ण. तारीख जुलैची. मी लेख लिहिला त्या दिवसाची.

मी खुर्चीत बसून राहिलो.

किसनभाऊ आले. दारातूनच त्यांना पडदा दिसला.

"पाह्यलं?"

"हो."

त्यांनी पाने-पकडींची पिशवी खाली ठेवली. मागे जाऊन हात धुतले. साबण लावून दोनदा.

"हे दुसरं नाव कुणाचं?"

"मले नाही मालूम. नेटवर फाइल भेटते. कोणीतरी खेळून पुरा केलेला असते. तो आपण टाकाचा अन् उघडाचा."

"आणि दोनशे बारा?"

"दोनशे बारा खरे व्हते. तवर तेवढेच मेलो व्हतो."

"मग मला फोन कशाला केला?"

ते स्टुलावर बसले. तारेचं रीळ हातात घेतलं, परत ठेवलं.

"तू रोज इचारे, झालं का, झालं का. लोक वाट पाहून राह्यले म्हणे. म्या म्हटलं, आज सांगून टाकू. दोन-चार दिवसांत मारतोच त्याले. मंग ते खरंच होऊन जाईन. कोणाले काय समजते."

"आणि मग?"

"मंग मरेच ना तो."

"उर्वशीबाईंना आपण काय बोललो होतो?"

"तू लिवलं."

"तुम्ही बोललात, किसनभाऊ."

"बोललो."

बाहेरून एक टेम्पो गेला. मी म्हणालो, "मोटारही अशीच बांधता का? कमी वेढ्यांची?"

त्यांनी तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे थेट पाहिलं. "खेळाचं काय बोलाचं ते बोल. कामाचं नाव घेऊ नको."

मी उठलो. दारापर्यंत गेलो. ते मागून म्हणाले, "छपाई कधी हाय?"

"वीसला."

"मले दहा दिवस दे मास्तर. तो आता डाव्या हातानं काय करते ते मले समजून राह्यलं. दहा दिवसांत मारतो. तुह्यासमोर मारतो. मंग आकडा बदल, जो असन तो लिव. पण लेख छापू दे."

मी हो म्हणालो. त्यांना ते दहा दिवस मिळायला हवेत असं वाटलं म्हणून नाही. मला तो लेख हवा होता.

तिसऱ्या दिवशी गेलो. ते खेळत होते. कोपऱ्यात श्रावणची मोटार खोललेली होती. श्रावण पैनगंगेकडच्या गावातला शेतकरी. हरभरा पेरायच्या आत मोटार द्यायचं ठरलं होतं. किसनभाऊ एक डाव खेळायचे, एक कॉइल बांधायचे, पुन्हा डाव. टक्.

सहाव्या दिवशी मुकादम एका वारावर आला. खरंच एका वारावर. मी खुर्चीच्या कडेला सरकलो. किसनभाऊंनी खांदा पाहिला, बाजूला झाले, तलवार उचलली. मुकादमानं साखळी उलट्या बाजूनं फिरवली.

ते दोन सेकंद बसले. टक्.

"लोक मोटारी घेऊन बसले अन् मी मुकादमाच्या दारात," असं म्हणून हसले. मीही हसलो. घरी जाताना लक्षात आलं, ते जिंकावेत असं मला त्यांच्यापेक्षा जास्त वाटत होतं. ते जिंकले तर मी काहीच खोटं लिहिलं नव्हतं असं झालं असतं. त्यांनी जुलैत नेमकं हेच मनात धरलं होतं.

एकोणीस तारखेला दुकान बंद होतं. फोन लागत नव्हता. मी घरी गेलो. त्यांच्या पत्नी बसंतीबाई अंगणात तूर निवडत होत्या.

"भाऊ कुठे आहेत?"

"आदिलाबादले गेले ना. सकाळच्या गाडीनं. माहा भाऊ हाय तिथं. ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात काम लावून देल्लं त्यानं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमाले सांगतलं नाही?"

"नाही. अचानक ठरलं का?"

"अचानक कायचं. दोन महिन्यांपासून बोलावून राह्यला व्हता. आठ तारखेले पक्कं झालं. एकोणीसले या म्हणाला."

आठ तारखेला. त्यांनी माझ्याकडे दहा दिवस मागितले ते दहा तारखेला. ते मागताना आपल्याकडे नऊच आहेत हे त्यांना माहीत होतं.

बसंतीबाईंनी सूप बाजूला ठेवलं आणि आतून किल्ली आणली. "श्रावणभाऊची मोटार हाय म्हणे आत. ते आले तं दाखवून द्या. तुमाले सगळं मालूम हाय दुकानातलं."

मी दुकान उघडलं. वार्निशचा वास तसाच होता. कॉम्प्युटर झाकून ठेवला होता. काउंटर टेबलाच्या मधोमध ठेवला होता. नेहमीच्या जागी नव्हता. मला दिसावा म्हणून ठेवला असावा.

५१८.

मी गेम उघडला. 'किसन' मुकादमाच्या दारात उभा होता. दुसरं नाव यादीतून काढून टाकलेलं होतं.

तिथूनच संपादकांना फोन केला. म्हणालो, लेख खरा नाही, छापू नका. ते चिडले. मग म्हणाले, "चार पानं रिकामी झाली. उद्या सकाळपर्यंत काही देता?" जे देतोय ते हे.

मग उर्वशीबाईंना निरोप लिहिला. सगळं सांगितलं, माफी मागितली. तासाभरानं उत्तर आलं. "मला तेव्हा त्यांचं म्हणणं खरं वाटलं होतं. म्हणून मी गेम काढून टाकला. आता मनगटाला पट्टा बांधून काम करते, खेळत नाही. त्यांनी शेवटी किती वेळा प्रयत्न केला?" मी आकडा लिहिला. त्यांनी वाचला.

पाचशे अठरा वेळा मरणाऱ्या माणसाला खोटारडा कसं म्हणायचं, हे मला कळत नाही. त्याला खरा कसं म्हणायचं, तेही कळत नाही. "चूक तुई" असं तो म्हणायचा आणि मी ते माझ्या दोन नापास परीक्षांना लावून जगत होतो. सेटचा फॉर्म भरलेला आहे. परीक्षेला जाईन की नाही माहीत नाही.

चारच्या सुमाराला श्रावण आला.

"किसनभाऊ कुठी गेले?"

"आदिलाबादला. कामाला."

"अन् माही मोटार?"

मी त्याला कोपऱ्यात नेलं. मोटारीचं गोल लोखंडी अंग फळीवर उभं होतं. आतल्या बाजूला चोवीस खाचा. चौदा खाचांत कॉइली बसवलेल्या, पांढऱ्या दोऱ्यानं एकसारख्या बांधलेल्या. दहा रिकाम्या.

"बांधल्या त्या तरी बराबर हायेत का?" श्रावणनं विचारलं. "वेढे पुरे हायेत ना?"

मी बांधलेल्या एका कॉइलीला हात घातला. तार बोटांत धरली. एक, दोन, तीन. मग सोडून दिली.

"मला मोजता येत नाही," मी म्हणालो.

तो दुकानातल्या चालू वाइंडिंग मशीनकडे गेला. फरम्यावर, तार गुंडाळायच्या साच्यावर, पुढची कॉइल चढवलेली होती. तार तोडलेली नव्हती, रिळापर्यंत ताणलेली होती. भिंतीवर खडूनं लिहिलं होतं, श्रावण, बावन्न वेढे. त्या मशीनच्या काउंटरवर एकतीस.